स्टीलच्या भट्टीची धूळ, टाइल्स आणि ते पिवळं पाणी

भाजणवही
नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, पण परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलेलं वाचलं की स्टील प्लांटचा विषारी कचरा विटेच्या मातीत मिसळून भाजला की विषय संपला, विष जळून जातं. ते वाचून राहवेना. विष जळून जात नाही हो. शिसं, जस्त, क्रोमियम, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, १००० डिग्रीला भाजा नाहीतर १५०० ला, ती असतात तेवढीच राहतात, फक्त बसायची जागा बदलतात. एकतर भाजताना मातीत जी काच तयार होते तिच्यात अडकतात, नाहीतर एखाद्या स्फटिकात जाऊन बसतात, नाहीतर धुराड्यातून बाहेर पडतात. चौथा रस्ता नाही. सगळी सिरॅमिकवाली मेहनत यातल्या दुसऱ्या रस्त्यासाठी, म्हणजे योग्य स्फटिकात बसवण्यासाठी असते.

मी सिरॅमिकच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय आणि आर्क फर्नेसच्या (विजेवर भंगार वितळवणाऱ्या भट्टीच्या) धुळीपासून टाइल्स करायच्या एका कामात होते. सुरुवातीचा एक घाणा अजून डोळ्यासमोर आहे. स्टेनलेस स्टीलच्या भट्टीची धूळ, चिकणमाती, थोडी फेल्डस्पार (भाजताना वितळून माती सांधणारं खनिज), आणि माती जरा चुनखडीची होती, त्याकडे आम्ही लक्ष दिलं नव्हतं. ९०० च्या आसपास भाजलं. टाइल्स दिसायला सुरेख, रंग छान, वाजवल्यावर खणखणीत आवाज. मग एक टाइल फोडून, दळून, पाण्यात घालून रात्रभर फिरवली आणि सकाळी गाळलं तर पाणी पिवळं! हलकं लिंबासारखं पिवळं. मी दोन मिनिटं नुसती त्या फ्लास्ककडे बघत उभी होते कारण हा रंग कशाचा ते माहीत होतं. क्रोमेटचा. म्हणजे भट्टीत घालण्याआधी जे क्रोमियम बऱ्यापैकी निरुपद्रवी त्रिसंयुजी रूपात होतं ते आम्हीच भाजून षट्संयुजी करून ठेवलं होतं, जे कर्करोगकारक आहे आणि वर पाण्यात विरघळतं. कचरा होता त्यापेक्षा वाईट करून आम्ही त्याची टाइल बनवली होती.

चूक कुठे झाली तर चुना आणि हवा. क्रोमियम, चुना आणि ऑक्सिजन साधारण ५०० ते १००० डिग्रीच्या पट्ट्यात एकत्र भेटले की कॅल्शियम क्रोमेट तयार होतं, आणि साधी वीट साधारण ९०० ते १०५० ला भाजतात, म्हणजे बराच वेळ बरोब्बर त्याच पट्ट्यात जातो! म्हणून "विटेत घाला" हा सल्ला मला इतका टोचतो.

यावर ज्यांनी काम केलंय त्यांनी लिहा प्लीज, आणि ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी पण बिनधास्त विचारा.

चाळणी
उत्तम धागा ताई. मी मेल्टशॉपच्या, म्हणजे स्टील वितळवतात त्या विभागाच्या बाजूचा, बॅगहाऊस (धूर गाळणाऱ्या पिशव्यांचं फिल्टरघर) माझ्याकडे असायचं. आधी एक घोळ निस्तरतो कारण लोक स्लॅग आणि धूळ एकच समजतात. स्लॅग म्हणजे मळी, वितळलेल्या लोखंडावर तरंगते ती, ब्लास्ट फर्नेसमध्ये टनामागे २५०-३०० किलोच्या घरात निघते, ती बहुतेक वेळा घातक वर्गात येत नाही आणि सिमेंटमध्ये आरामात जाते. घातक आहे ती धूळ. आर्क भट्टीत भंगार वितळवतात, त्या भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात, भट्टी १६०० डिग्रीला आणि जस्त उकळतं ९०७ ला, मग ते वाफ होऊन वर जाणारच ना. वर जाऊन हवा लागली की ऑक्साइड होतं, लोखंडाच्या बारीक कणांशी जुळतं, आणि पिशव्यांच्या फिल्टरमध्ये तपकिरी पिठासारखं येऊन पडतं. शिसं कॅडमियम पण असंच. स्टीलच्या टनामागे १० ते २० किलो धूळ धरा. ऐकायला कमी वाटतं पण जगात वर्षाला १८० कोटी टनांच्या वर स्टील बनतं आणि त्यातला चौथा हिस्सा तरी आर्क भट्टीतून येतो, गुणाकार करून बघा. अमेरिकेत या धुळीला घातक कचऱ्याच्या यादीत स्वतःचा नंबर आहे, के०६१.

कण इतके बारीक असतात की हातमोजा झटकला तरी हवेत तरंगत राहतात. त्यामुळे कोणी "थोडीशी धूळ आणून करून बघतो" म्हणत असेल तर कृपया उघड्यावर नको.

अजून एक, हे कमी लोकांना माहीत असतं. १९९८ मध्ये स्पेनमधल्या एका स्टेनलेस कारखान्यात भंगारातून सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचा स्रोत चुकून भट्टीत गेला आणि ते सीझियम धुळीत उतरलं, धुराड्यातून बाहेर गेलेलं मोजणीत युरोपातल्या बऱ्याच देशांत सापडलं. म्हणून धूळ कुठल्याही टाइल बिईलमध्ये घालायच्या आधी रेडिएशन मोजणं हे पहिलं काम, दुसरं तिसरं नाही.

जस्तवेडा
माझा मूळ कल्पनेलाच विरोध आहे, स्पष्ट बोलतो. साध्या कार्बन स्टीलच्या धुळीत १५ ते ३५ टक्के जस्त असतं. खाणीतून काढलेल्या खनिजात बऱ्याच ठिकाणी १० टक्के पण नसतं! म्हणजे खाणीपेक्षा श्रीमंत माल तुमच्या हातात आहे आणि तुम्ही तो टाइलमध्ये कायमचा गाडून टाकणार? वेल्झ भट्टी आहे ना त्यासाठी. लांब फिरती भट्टी, धूळ आणि कोक एकत्र, १२०० च्या आसपास जस्त सुटं होऊन वाफ होतं, हवेत परत ऑक्साइड होतं, ते पकडायचं आणि जस्ताच्या कारखान्याला द्यायचं. शंभरेक वर्षं जुनी पद्धत आहे, सिद्ध आहे. टाइलमध्ये गेलेलं जस्त परत कुणीही काढणार नाहीये.

भाजणवही
@जस्तवेडा, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. जस्त भरपूर असलेली धूळ टाइलमध्ये घालणं म्हणजे नासाडी. पण सगळी धूळ तशी नसते ना. स्टेनलेसच्या धुळीत जस्त कमी आणि क्रोमियम निकेल जास्त, छोट्या भट्ट्यांची धूळ कधीकधी इतकी हलक्या प्रतीची की वेल्झवाले घेत नाहीत, पिकलिंगचा (स्टील ॲसिडने साफ करण्याचा) गाळ आहे ज्यात क्रोमियम निकेल फ्लोराइड सगळंच, मॅग्नेशिया क्रोमच्या जुन्या अस्तर विटा आहेत, आणि वेल्झ भट्टीतून जस्त काढून झाल्यावर उरणारी लोखंडी मळी पण आहेच. सिरॅमिकची जागा तिथे आहे.

आणि एक गंमत वाटते मला नेहमी. धुळीतलं बरंचसं जस्त झिंक फेराइट म्हणून असतं, जस्त आणि लोखंड एकाच स्पिनेल नावाच्या चिवट ऑक्साइड स्फटिकात. ॲसिडने जस्त काढणाऱ्यांना ते नकोसं होतं कारण ते सुटता सुटत नाही. सिरॅमिकवाल्याला नेमकं तेच हवं असतं! तोच चिवटपणा, एकाला अडचण आणि दुसऱ्याला आधार.

कणाद२२
मी मटेरियल्सचा विद्यार्थी आहे, प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचा विचार आहे. ताई, स्पिनेलमध्ये बसलं की सुरक्षित असं म्हणताय तर मग सगळेच धातू त्यात बसतात का? आणि तुमच्या पिवळ्या पाण्याचं पुढे काय झालं, सुटलं का ते?

भाजणवही
@कणाद२२, नाही, सगळे बसत नाहीत, आणि यावरच सगळं ठरतं. स्पिनेलमध्ये ऑक्सिजनच्या मधे छोट्या छोट्या खोल्या असतात असं समज. जस्ताचा आयन छोटा, चार ऑक्सिजनच्या मधल्या खोलीत छान बसतो. क्रोमियम, लोखंड, निकेल, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना पण जागा आहे. शिसं मात्र अंगाने फार मोठं, जस्ताच्या जवळजवळ दुप्पट, त्याला या स्फटिकात जागाच नाही. मग ते काचेत जाऊन राहतं, आणि काचेतलं शिसं आंबट पाण्यात सुटतं हे कुंभारकाम करणाऱ्यांना शिशाच्या ग्लेझमुळे (भांड्यावरच्या काचेच्या चकचकीत थरामुळे) पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. म्हणून ज्या धुळीत शिसं जास्त आहे ती सिरॅमिकमध्ये घ्यायची नाही असं माझं ठाम मत झालंय, आधी शिसं काढा मग बोलू.

पिवळं पाणी: सुटलं, पण एका फटक्यात नाही. चुनखडीची माती बदलली, कमी चुन्याची घेतली. मॅग्नेशिया आणि ॲल्युमिना वाढवलं म्हणजे क्रोमियमला चुन्याच्या आधी स्पिनेलचा जोडीदार मिळावा. तापमान ११५० च्या वर नेलं, तिथे कॅल्शियम क्रोमेट टिकत नाही. एवढं करूनही पुढच्या घाण्यात परत किंचित पिवळट! डोकंच चालेना. मग लक्षात आलं की भट्टी बंद करून तशीच रात्रभर सावकाश थंड होऊ देत होतो, वर जाताना मोडलेलं क्रोमेट उरलेल्या चुन्याशी खाली येताना परत जुळत होतं. तो पट्टा पटकन ओलांडला आणि शेवटच्या टप्प्यात भट्टीत हवा कमी ठेवली तेव्हा पाणी स्वच्छ आलं. वर जाण्याचा आलेख सगळे जपून काढतात पण उतरण्याचा कोणी काढत नाही, तो पण काढ बाबा.

पाणीतपासणी
पाणी स्वच्छ आलं म्हणजे डोळ्यांना स्वच्छ की मोजून स्वच्छ? वाईट मानू नका ताई, पण माझं काम लीचिंगचंच, म्हणजे मालातून पाण्यात काय झिरपतं ते मोजायचंच आहे आणि इथे लोक फार लवकर समाधानी होतात.

टीसीएलपी नावाची टेस्ट सगळे करतात. माल ९.५ मिमीच्या खाली फोडायचा, वीसपट वजनाच्या सौम्य ॲसिटिक ॲसिडमध्ये १८ तास फिरवायचा, मग त्या पाण्यात काय उतरलं ते मोजायचं. शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५, कॅडमियम १. आता बघा, शिशाचा तो ५ चा आकडा पूर्वीच्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे ०.०५ च्या, १०० पट म्हणून ठरला होता. आज जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यातला शिशाचा आकडा ०.०१ आहे. म्हणजे "पास" झालेल्या पाण्यात शिसं त्याच्या ५०० पट असू शकतं! ही टेस्ट कचरा घातक आहे का नाही हे ठरवायला केलेली आहे, फरशी सुरक्षित आहे का हे सांगायला नाही. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत आणि रिपोर्टवर एकच शिक्का बसतो.

दुसरं, चुनावाला माल टेस्टमधलं ॲसिडच खाऊन टाकतो, पाण्याचा पीएच वर जातो आणि धातू कमी उतरतात, मग रिपोर्ट सुंदर. तोच माल पुढे पन्नास वर्षांनी पावसाने आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना संपला की वेगळाच वागणार. शिशाचं तर असं की ते आम्लात पण सुटतं आणि खूप अल्कलीत पण सुटतं, मधे कुठेतरी कमी असतं. एका पीएचवर मोजून काहीच कळत नाही. निदान चार, सात, दहा, बारा एवढ्यांवर तरी मोजा. आणि अखंड तुकडा पाण्यात ठेवून ६४ दिवस ठराविक दिवशी पाणी बदलत मोजायची डच पद्धत आहे टाकीवाली, ती पण करा, त्यातून कळतं की धातू पृष्ठभागावरून धुतला जातोय की आतून हळूहळू झिरपतोय.

भाजणवही
@पाणीतपासणी, वाईट कसलं, हेच हवं होतं. मोजून स्वच्छ. डायफेनिलकार्बाझाइडने तपासलं होतं, षट्संयुजी क्रोमियम असलं की ते जांभळं होतं, ती छटा आली नाही. पण चार पीएचवर तेव्हा केलं नव्हतं हे मान्य, नंतर केलं, आणि १२ ला आकडे जरा वर गेले म्हणून तो माल सिमेंट काँक्रीटच्या संपर्कात येईल अशा वापरातून आम्ही बाद केला.

साधाप्रश्न
मला रसायन फारसं कळत नाही पण सगळं वाचलं. साधं विचारते, अशी टाइल घरात बसवली आणि त्यावर तान्हं बाळ रांगलं तर चालेल का? आणि नसेल चालणार तर मग हा उपद्व्याप कशासाठी, खड्डा करून नीट पुरून टाकत का नाहीत?

भाजणवही
@साधाप्रश्न, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझं उत्तर: मी घरात बसवणार नाही. नीट बनवलेली टाइल बाळाला काही करेल म्हणून नाही, तर उद्या कोणी ती कटरने कापणार, परवा घर पाडताना तिचा चुरा होणार, आणि तेव्हा तो चुरा कशाचा आहे हे कुणालाच माहीत नसणार. जेवणाची भांडी, पिण्याच्या पाण्याचे पाइप, खेळणी, यात तर कधीच नाही.

पण पुरून टाकलं की संपतं असंही नाही. ती धूळ पिठासारखी आहे, पाणी लागलं की मीठ आणि शिसं आधी सुटतं, खड्ड्याचं अस्तर कायम टिकत नाही, आणि खड्डा दरवर्षी वाढत जातो. त्यापेक्षा दगडासारखी घट्ट वस्तू करून ती अशा ठिकाणी वापरायची जिथे तिचा हिशोब राहतो. कारखान्यांतच केवढी जागा आहे! राख वाहून नेणारे पाइप, कोळशाचे च्यूट (घसरते पन्हळ), धूळ वेगळी करणारे सायक्लोन, हे आतून घासून घासून फाटतात, तिथे बेसॉल्ट वितळवून ओतलेलं अस्तर कित्येक दशकं वापरतात. स्लॅगपासून केलेलं ग्लास सिरॅमिक त्याच जातीचं, तसंच कठीण. सोव्हिएत युनियनमध्ये १९६० च्या दशकात ब्लास्ट फर्नेसच्या मळीपासून स्लॅगसिटॉल नावाने असं ग्लास सिरॅमिक मोठ्या प्रमाणात बनवलं होतं, म्हणजे कल्पना नवी नाही.

आणि इथे क्रोमियमची बाजू मला मनापासून आवडते ती सांगते. ग्लास सिरॅमिक म्हणजे आधी काच ओतायची आणि मग परत तापवून तिच्यात बारीक स्फटिक उगवायचे. १९५३ मध्ये कॉर्निंगमध्ये डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० ऐवजी ९०० ला गेली, काचेचा नमुना वाया गेला असं वाटलं, तो काढताना हातातून पडला आणि फुटलाच नाही, तिथून हे शास्त्र सुरू झालं. स्फटिक उगवायला बीज लागतं. एरवी त्यासाठी टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचं ऑक्साइड मुद्दाम विकत आणून घालतात. पण क्रोमियम काचेत फारसं विरघळतच नाही, जरा जास्त झालं की स्पिनेलचे बारीक कण होऊन बाहेर येतं, आणि त्या कणांवर पायरॉक्सिन या कठीण सिलिकेट खनिजाचे स्फटिक धरतात. म्हणजे ज्याच्यामुळे धूळ घातक ठरली तेच बीज होतं आणि स्वतः सगळ्यात चिवट स्फटिकात, भोवती दुसरे स्फटिक घेऊन बसतं. हे मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या पिवळ्या पाण्याचा राग गेला माझा.

चाळणी
सगळं खरं, पण धुराड्याकडे कोण बघणार? धुळीत क्लोराइड असतं, मीठच असतं म्हणा. क्लोराइड असलं की शिशाचं क्लोराइड होतं आणि ते ९५० ला उकळतं, जस्त क्लोराइड तर ७३२ लाच. म्हणजे भट्टी तापताना टाइलमधून धातू वाफ होऊन निघून जाणार, आणि मग टाइलची लीचिंग टेस्ट झकास येणार कारण माल आधीच हवेत गेला! साध्या वीटभट्टीला ना बॅगहाऊस ना काही, तिथे काम करणाऱ्यांच्या छातीत जाणार ते. मी हे बोलतोय कारण बॅगहाऊसमध्ये काम करणाऱ्या माणसांच्या रक्तातलं शिसं तपासताना मी बघितलंय.

भाजणवही
@चाळणी, १००%. म्हणून आधी धुवायची. पाण्याने धुतली की मीठ निघून जातं, पण मग ते धुतलेलं पाणी स्वतःच कचरा, त्यातलं शिसं कॅडमियम बसवून काढावं लागतं. मीठ ठेवलं तर वर सांगितलेलं सगळं होतं, शिवाय ग्लेझला सुईसारखी भोकं पडतात आणि विटेला लोणा येतो तो वेगळाच. भाजण्याआधी आणि भाजल्यानंतर दोन्ही वेळा पूर्ण विश्लेषण करून, किती धातू टाइलमध्ये राहिला आणि किती कमी झाला याचा ताळा लावल्याशिवाय कुणाच्याही "सुरक्षित" म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या पण नाही. आणि फिल्टर नसलेल्या भट्टीत हे काम करूच नये.

जस्तवेडा
मग मला एकच सांगा, पाच टक्के धूळ पंचाण्णव टक्के मातीत घातली आणि टेस्ट पास झाली, याला पुनर्वापर म्हणायचं की पातळ करून लपवणं?

भाजणवही
लपवणं. मी स्वतःला एक प्रश्न विचारते, धूळ काढून घेतली तर वस्तू बिघडते का? काळ्या तपकिरी पिगमेंटमध्ये लोखंड क्रोमियम काढलं तर रंगच येत नाही. ग्लास सिरॅमिकमध्ये क्रोमियम काढलं तर स्फटिक धरत नाहीत, नुसती काच राहते. फुगवलेल्या हलक्या खडीत लोखंडाचं ऑक्साइड तापून ऑक्सिजन सोडतं म्हणून खडी फुगते, ते काढलं तर फुगत नाही. इथे धूळ काम करतेय. विटेत पाच टक्के घातली काय न घातली काय, वीट तशीच, उलट जरा वाईटच. तिथे ती फक्त दडवलेली आहे.

पाणीतपासणी
हा निकष आवडला, आमच्या रिपोर्टमध्ये वापरणार.

@कणाद२२, प्रोजेक्ट घेतोयस तर घे, पण धूळ कोरडी हाताळू नकोस, पाण्यात कालवूनच मिसळ, मास्क साधा कापडी चालणार नाही. आणि रंग दिसला नाही म्हणून खूश होऊ नकोस, क्रोमेट डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधीच नको तेवढं असतं.

कणाद२२
ठरलं. एकच मिश्रण, चुना कमी आणि चुना जास्त असे दोन भाग, प्रत्येकाचे अर्धे तुकडे पटकन थंड करणार आणि अर्धे भट्टीतच सावकाश. धुऊन, तोलून, ताळा लावून. आमच्याकडे फिल्टरवाली भट्टी एकच आहे आणि तिची तारीख पुढच्या महिन्यात मिळतेय. चारही पीएचचे आकडे इथेच टाकतो, पिवळे आले तरी.

भाजणवही
पिवळे आले तर आधी मला मेसेज कर आणि तो फ्लास्क ओतून देऊ नकोस, त्यातला घन भाग वाळवून एक्सरे डिफ्रॅक्शनला लाव. कुठल्या स्फटिकाने दगा दिला ते त्यातच सापडेल.